खाल्ल्या मिठाला

सातपुड्यातल्या आमच्या अक्कलकुवा तालुक्यात वॉरंट हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही तो पाठ असतो. देवगोईचा घाट चढून पोलिसांची मोटारसायकल पाड्यावर आली की कोंबड्यांच्या आधी माणसं सावध होतात. पहिला प्रश्न एकच, ‘कोणाचं निघालं?’ निघालं म्हणजे वॉरंट निघालं. ते कुणी काढलं, का काढलं, हे नंतर. आधी ते तापासारखं, पुरासारखं आपलं आपणच निघतं.

या घराण्यात धाकटं म्हणजे समन्स. ते अदबीनं येतं, तारीख सांगतं, अंगठा घेतं आणि जातं. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाची तारीख चुकली की मागोमाग जामीनपात्र वॉरंट येतं. त्यालाही हुलकावणी बसली की मग पकड वॉरंट. हे बसत नाही, दिलेलं पाणी पीत नाही, माणूस सोबत घेऊनच उठतं. कोर्टाच्या आवारात वकिलाची वाट बघत बसलेल्या माणसाच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, चौघडी घातलेला जो कागद असतो तो याच घराण्यातला.

पण याच घराण्यात एक थोरला भाऊ आहे. नाव तेच, वॉरंट. तो दिल्लीला असतो आणि कुणाला पकडायला जात नाही. तो माणसाला न्यायमूर्ती करतो.

भारताच्या राज्यघटनेत अनुच्छेद १२४ आणि २१७ इथे त्याचं घर आहे. सर्वोच्च न्यायालयाचा आणि उच्च न्यायालयाचा प्रत्येक न्यायाधीश राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्यानिशी वॉरंट काढून नेमतील, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे चोरीच्या आरोपीला आणणारा कागद आणि त्याचं अपील शेवटी ऐकणाऱ्याला खुर्चीवर बसवणारा कागद एकाच नावाचे. एक हातकडीच्या बाजूचा, दुसरा काळ्या झग्याच्या बाजूचा. दोघांनाही सही लागते, शिक्का लागतो आणि दोघंही आपल्या मर्जीनं काही करत नाहीत.

थोरल्याचा स्वभाव अबोल. त्याला आयुष्यात एकदाच कंठ फुटतो. मुंबईत राज्यपालांच्या निवासस्थानी नवे मुख्य न्यायमूर्ती शपथेला उभे राहतात, तेव्हा तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला जातो. पाच मिनिटांचा मान. मग शपथ, मग टाळ्या, मग चहापान, आणि याची रवानगी फाइलीत. पुढची काही वर्षं ज्याच्या जोरावर माणसं तुरुंगात जातील, सुटतील, जमिनी मिळवतील नि गमावतील, तो कागद पुन्हा कुणी उघडून बघत नाही. लग्न लागलं की अंतरपाट घडी करून ठेवतात, तसं.

आमच्या तालुक्याच्या कोर्टात बसणाऱ्या साहेबांकडे मात्र हा थोरला भाऊ आलेला नसतो. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या लांबलचक नावाचा माणूस लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. त्याची नेमणूक अनुच्छेद २३४ खाली राज्यपालांच्या नावानं होते आणि पुढच्या बदल्या उच्च न्यायालय करतं. तो चुलतभाऊ म्हणायचा: साधा टाइप केलेला आदेश, त्याला राज्यपालांसमोरची शपथ नाही की चहापान नाही. तरी अक्कलकुव्याच्या माणसाला भेटतो तो हाच. दर काही वर्षांनी साहेब बदलतात, आणि त्या दिवशी आवारातल्या चहाच्या टपरीवर जी चौकशी होते ती अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते त्यापेक्षा काही कमी दर्जाची नसते.

अमेरिकेचं नाव उगाच घेतलं नाही. या घराण्याची तिकडची शाखा फार गाजलेली. आपला जितका अबोल तितका तिकडचा भांडखोर. त्याला तिकडे कमिशन म्हणतात. राष्ट्राध्यक्षानं नाव सुचवायचं, सिनेटनं संमती द्यायची, मग राष्ट्राध्यक्षानं सही करायची, असा त्याचा जन्म. २४ सप्टेंबर १७८९ ला जॉर्ज वॉशिंग्टननं न्यायव्यवस्थेच्या कायद्यावर सही केली आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयासाठी सहा नावं सिनेटकडे धाडली. दोन दिवसांत सिनेटनं होकार दिला. एवढ्या झटपट हे काम होत असे, हे आज तिकडच्याच लोकांना पटायचं नाही.

त्या शाखेतला सगळ्यांत नामांकित कागद मात्र कुणा मोठ्या न्यायमूर्तीचा नव्हता. तो वॉशिंग्टन शहराच्या प्रशासकीय टापूतल्या एका किरकोळ मॅजिस्ट्रेटचा होता. पाच वर्षांची मुदत, बारीकसारीक तंटे. आपल्या तालुक्याच्या कोर्टापेक्षाही लहान काम. मार्च १८०१. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स निवडणूक हरला होता, सत्ता थॉमस जेफरसनकडे जायची होती. जाता जाता न्यायखात्यात आपली माणसं बसवून जावीत म्हणून अ‍ॅडम्स अखेरच्या दिवसापर्यंत सह्या करत बसला. परराष्ट्रमंत्री जॉन मार्शलनं त्या कागदांवर शिक्के मारले. सही झाली, शिक्का झाला, आणि घाईगर्दीत काही कागद पोचवायचेच राहून गेले. टेबलावर पडून राहिलेल्या त्या कागदांत एक होता विल्यम मारबरी या गृहस्थाचा.

नव्या राष्ट्राध्यक्षानं तो द्यायला साफ नकार दिला. मारबरी सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे मुख्य न्यायाधीश कोण? तेच जॉन मार्शल! शिक्का मारणारा तोच, पोचवायला विसरणारा तोच आणि आता निकाल देणाराही तोच. २४ फेब्रुवारी १८०३ ला त्यानं सांगितलं, की सही आणि शिक्का झाला तिथे नेमणूक पुरी झाली. पोचवणं हा नुसता उपचार. कागदावर मारबरीचा हक्क आहे. पण तो मिळवून देणारा हुकूम काढण्याचा अधिकार ज्या कलमानं या न्यायालयाला दिला आहे, ते कलमच घटनेच्या विरुद्ध आहे, म्हणून रद्द. मारबरीला त्याचा कागद मिळाला नाही. अमेरिकेच्या न्यायालयाला मात्र संसदेचा कायदा रद्द करण्याची ताकद मिळाली. एका न पोचलेल्या टपालातून एवढं निघालं. आमच्याकडे समन्स न पोचल्यानं खटला पुढे ढकलला जातो. तिकडे एक कागद न पोचल्यानं न्यायालयच पुढे गेलं.

आता या मंडळींचे अवगुण. पहिला अवगुण झोपेचा. आपल्याकडचा कागद जन्माला येण्याआधी इतक्या टेबलांवरून फिरतो की त्याला मध्येच डुलकी लागते. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नाव सुचवतात. मग राज्य सरकारचं मत, गुप्तचर खात्याचा अहवाल, केंद्राचं विधी खातं, सर्वोच्च न्यायालयाचं न्यायमूर्तिमंडळ, पंतप्रधान आणि शेवटी राष्ट्रपती. यातल्या एका टेबलावर फाइल आडवी झाली की महिने जातात. उठवणाऱ्यानं उठवावं, नाही तर पडू द्यावं. तिकडच्या भावालाही झोपवता येतं. मार्च २०१६ मध्ये बराक ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सिनेटनं त्यांना नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, साधी सुनावणीही घेतली नाही. निवडणूक झाली, आणि अध्यक्ष बदलायच्या आतच नाव आपोआप विझलं. शिवाय तिकडे एक निळी चिठ्ठी असते. ज्या राज्यात नेमणूक व्हायची तिथल्या सिनेटरला ती पाठवतात. त्यानं ती परत केली नाही, की कित्येकदा तेवढ्यानंच एखाद्या न्यायाधीशाचं नशीब अडून राहतं. एवढ्या बलाढ्य देशाच्या न्यायाची नाडी एका निळ्या कागदाच्या कपट्यात.

दुसरा अवगुण ज्याच्या त्याच्या घरच्या वळणाचा. तिकडचा कागद आखाड्यात वाढतो. उमेदवाराला कॅमेऱ्यासमोर बसवून दिवसदिवस उलटतपासणी होते, तिसऱ्या वर्गातल्या खोड्यांपर्यंत सगळं निघतं. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांना सिनेटनं ५८ विरुद्ध ४२ मतांनी परत पाठवलं, ते असं सगळ्या देशासमोर. आपला कागद माजघरात वाढतो. दार लोटलेलं, बोलणं हलक्या आवाजात, आणि बाहेरच्यांना कळतं ते ठरल्यावर. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या निकालात नेमणुकीबाबत सरकारचा शब्द वरचढ ठरला होता. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी तो न्यायमूर्तींकडे आला. २०१४ मध्ये संसदेनं ९९ वी घटनादुरुस्ती करून माजघराचं दार थोडं उघडायचा, आणि सरकारचीही एक खुर्ची आत सरकवायचा, प्रयत्न केला. १६ ऑक्टोबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा मतांनी ती दुरुस्ती रद्द केली. दार पुन्हा लोटलं गेलं. आखाड्यात लाज जाते, माजघरात विश्वास. दोन्हीकडे काहीतरी जातंच.

एवढे अवगुण असूनही या कागदाला मी मान देतो, तो त्याच्या एकाच गुणासाठी. तो गुण माणसात असता तर आपण त्याला नावं ठेवली असती. तो कृतघ्न आहे. निदान असावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. आपण लहानपणापासून शिकलो ते खाल्ल्या मिठाला जागायचं. सातपुड्यात तर मिठाची किंमत जुनी माणसं अजून सांगतात. पायलीभर चारोळी घालायची आणि बदल्यात मीठ घेऊन डोंगर चढायचा, असे दिवस होते. पण न्यायाधीशाच्या कागदाला नेमका उलटा धडा गिरवावा लागतो. ज्या हातानं सही केली, तो हात समोर पिंजऱ्यात उभा राहिला तर त्याला ओळख दाखवायची नाही.

मराठी माणसाला हे सांगायला अमेरिकेत जावं लागत नाही. रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचे न्यायाधीश होते. नेमणूक पेशव्यांची, वेतन पेशव्यांचं. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि गादीवर राघोबादादा बसले. त्यांना या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही असं रामशास्त्र्यांनी तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडलं, असं परंपरा सांगते. दोनशे वर्षांनी, २४ जुलै १९७४ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना खटल्यात मागितलेल्या ध्वनिफिती हजर करायला लावल्या. आठ विरुद्ध शून्य. निकाल लिहिला मुख्य न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, ज्यांच्या कागदावर सही होती निक्सन यांचीच. त्या आठांत निक्सन यांनी नेमलेले आणखी दोघे होते. तिघांचेही कागद सही विसरले. सोळा दिवसांनी निक्सन घरी गेले.

आपल्याकडे या गुणाची किंमत मोजावी लागलेला माणूस म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबलं तरी त्याला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही, असं २८ एप्रिल १९७६ ला पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सांगितलं. त्या चौघांत पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूडही होते. एकटे खन्ना विरुद्ध गेले. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाचं वॉरंट निघालं ते त्यांना ओलांडून, त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या मिर्झा हमीदुल्ला बेग यांच्या नावानं. खन्नांनी राजीनामा दिला. एक कागद सही विसरला म्हणून दुसरा कागद आलाच नाही. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं तो जुना निकाल चुकीचा ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. म्हणजे हा गुण कधी कधी बापाचं नावही सोडत नाही.

हे सगळं दिल्लीचं, वॉशिंग्टनचं झालं. अक्कलकुव्याचा त्याच्याशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर उत्तर तालुक्याच्या उत्तर टोकाला आहे. मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातलं जे पहिलं गाव गिळलं ते आमच्या तालुक्यातलं, नर्मदेच्या काठावरचं. त्या धरणाचा खटला १९९४ पासून सर्वोच्च न्यायालयात होता. १८ ऑक्टोबर २००० ला निकाल लागला. पीठावर तीन न्यायमूर्ती, म्हणजे तीन वॉरंटं. आदर्शसेन आनंद आणि भूपिंदरनाथ किरपाल यांनी धरणाचं काम पुढे नेण्याच्या बाजूनं कौल दिला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले सॅम पिरोज भरुचा यांनी वेगळं लिहिलं: पर्यावरणाची तपासणी नीट झालेली नाही, ती होऊन मंजुरी मिळेपर्यंत बांधकाम थांबवा. दोन विरुद्ध एक. या तीन कागदांवर सह्या झाल्या तेव्हा मणिबेलीत कुणाला विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नव्हतं. आणखी एकच वॉरंट दुसऱ्या मताच्या माणसाच्या नावे निघालं असतं तर नर्मदेचं पाणी पुढे कधी, किती उंच चढलं असतं, याचा हिशेब कुणी मांडणार नाही. पण पकड वॉरंटानं एक माणूस उठतो आणि थोरल्याच्या शब्दानं गाव उठू शकतं, एवढं मणिबेलीनं पाहिलं आहे.

दोनदा मात्र सही करणारा हात आमच्या ओळखीचा निघाला. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे खानदेशच्या. जळगावच्या कोर्टात वकिली केलेल्या. मे २०१० मध्ये त्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ दिली ती सरोश होमी कापडिया यांना. मुंबईत चतुर्थ श्रेणी कर्मचारी म्हणून नोकरीला लागलेला तो माणूस देशाच्या न्यायाच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढला होता. आणि जुलै २०२२ पासून सहीचा हात आहे द्रौपदी मुर्मू यांचा. संथाळ आदिवासी घरातली बाई. मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेल्या अमरावतीच्या भूषण गवई यांच्या वॉरंटावर सही याच हाताची. वसावे, पाडवी, वळवी, तडवी या आडनावांच्या मुलखाला त्या सहीकडे बघून बरं वाटणं साहजिक आहे. पण खोटं कशाला बोला, सही त्यांची असली तरी निवड त्यांची नसते. नाव दुसरे ठरवतात. तरी २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाला, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींसमोर उभं राहून त्या हिंदीत बोलल्या ते तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांबद्दल. आपले मूलभूत हक्क आणि कर्तव्यं ज्यांना माहीतही नाहीत त्यांच्याबद्दल. थोरल्या वॉरंटावर सही करणाऱ्या हातानं त्या दिवशी धाकट्या वॉरंटाची आठवण काढली होती.

मिठाचा एक हिशेब राहिला. १७७६ मध्ये अमेरिकनांनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी केली, तिच्यात एक कलम असं, की न्यायाधीशांची मुदत आणि पगार राजानं स्वतःच्या मर्जीवर टांगून ठेवला आहे. म्हणून आपली घटना लिहिताना त्यांनी ठरवलं, वर्तन नीट असेल तोवर पद आणि पदावर असेतो पगारात कपात नाही. आपल्या घटनेनं वयाची मर्यादा घातली, उच्च न्यायालयाला ६२ आणि सर्वोच्चला ६५. पण मिठाचं तेवढं पक्कं केलं. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन राज्याच्या एकत्रित निधीवर भारित, विधानसभेच्या मतदानाच्या पलीकडे. आणि नेमणुकीनंतर त्यांचं नुकसान होईल असे बदल करायचे नाहीत. मीठ द्यायचं, पण देणाऱ्याचा हात दिसू द्यायचा नाही.

मग हा कागद खरंच मिठाला जागत नाही का? कोर्टाच्या आवारात बसलेल्या त्या माणसाकडे पाहिलं की मला उत्तर सुचतं. पहाटे मोलगीकडून जीपच्या टपावर बसून तो आलेला असतो. फडक्यात भाकरी, मिरची आणि मीठ. सकाळपासून त्यानं एक बिडीबंडल आणि एक काडेपेटी घेतलेली असते, आणि त्या दोन्हींवरचा कर सरकारच्या तिजोरीत कधीच जाऊन पडलेला असतो. साहेबांचा पगार त्याच तिजोरीतून. मोठ्या न्यायमूर्तींचाही तिथूनच. सही राष्ट्रपतींची, राज्यपालांची, शिक्का सरकारचा. मीठ मात्र या फडक्यातलं.

एकदा साहेब नवे आले होते. टपरीवर वकील मंडळी चर्चा करत होती, कुठून बदलून आले, कोणाच्या बॅचचे, वरती कोण ओळखीचं. हा माणूस बाजूला उकिडवा बसून भाकरी मोडत होता. त्यानं फक्त एकदा मान वर केली.

‘ऐकून घेतो का?’ त्यानं विचारलं.

तेवढ्यात आतून पुकारा झाला. त्यानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, हाताचं मीठ धोतराला पुसलं आणि आत गेला.